दाजींच्या दातांचं पाणी

सुरतेच्या माणसाला नवा माणूस भेटला की तो आधी त्याच्या बोटातली अंगठी बघतो, मग बोलता बोलता त्याच्या शर्टाचं कापड चिमटीत धरतो, आणि त्यातून वेळ उरला तर चेहऱ्याकडे वळतो. हा उद्धटपणा नव्हे, गावाचा धंदाच तसा आहे. जगात पैलू पडणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी नऊ इथे घासले जातात असं सांगतात, आणि रिंग रोडवरच्या कापड मार्केटात हमाल गठ्ठे घेऊन अशा वेगाने अंगावर येतात की तिथे चेहरे बघत बसणाऱ्याची धडगत नसते.

पण अलीकडे ही क्रमवारी बदलली आहे. आता आधी दात बघतात. पूर्वी उधना दरवाजापासून वेसूपर्यंतच्या होर्डिंगवर साडी नेसलेली बाई असायची आणि विकायची असायची ती साडी. आता बाई तीच, फक्त विकायचं आहे ते तिचं हसू. शेजारच्या होर्डिंगवर आई, बाप, मुलगा, मुलगी असं अख्खं कुटुंब हसत असतं आणि चौघांचे दात एकाच ताग्यातून फाडल्यासारखे सारखे असतात. डिसेंबर उजाडला की लंडन-लेस्टरहून एनआरआय मंडळी उतरतात. लग्नं, उंधियु, पोंक आणि दात अशी चार कामं उरकून ती फेब्रुवारीच्या आत परत जातात.

आमच्या घरात हे लोण आलं ते दाजींच्या दारातून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही मूळचे खान्देशातले. सुरत-भुसावळ गाडीने पिढ्यान्‌पिढ्या माणसं इकडे आणली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली, नवागाम भागात सोडली. कुणी लूमवर गेला, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला. दाजी मात्र हिऱ्यात गेले. महिधरपुऱ्यात एका शेठच्या गादीवर बसून कच्च्या-पक्क्या मालाची प्रत लावणं, हे त्यांचं काम. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढरा कागद. आयुष्यभर पांढऱ्यात पिवळं शोधत बसलेला हा माणूस एके दिवशी आरशासमोर उभा राहिला आणि तिथेही त्याला पिवळं सापडलं.

निमित्त होतं भाच्याच्या लग्नाचं. व्याही अमळनेरचे. साखरपुड्याचे फोटो मोबाइलवर आले तेव्हा दाजींनी दोन बोटांनी स्वतःचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि शेवटी पडद्यावर फक्त दात उरले. तरुणपणी खाल्लेला मावा त्यात होता. सोस्योच्या बाटलीचं बूच दातांनी उघडताना उडालेला टवका होता. सोस्यो हे सुरतेचं 1923 सालापासूनचं पेय, आणि ओपनर ही गोष्ट सुरतेत त्याहून बरीच उशिरा आली असावी असा माझा अंदाज आहे. दाजी म्हणाले, "मास्तर, हा लॉट रिजेक्ट आहे."

ताई म्हणाली, "लग्न पोराचं आहे. तुमच्याकडे बघतंय कोण?"

"व्याही बघतील."

"व्याह्यांना स्वतःचे चारच उरलेत."

तरीही दाजी गेले, आणि सोबतीला मला नेलं. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. ज्याला कामधंदा नाही त्याला घरात दवाखान्याचं खातं मिळतं. जाताना वाटेत माझ्या मनात आलं, 1664 आणि 1670 साली महाराजांनी सुरतेची दौलत महाराष्ट्राकडे नेली, हे मी याच शहरात बसून वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं, तेही भिंतीपलीकडे गुजराती माध्यमाचा वर्ग चालू असताना. आता मराठी माणसाने आपल्या पायांनी दंतवैद्याच्या दारात जाऊन त्या दौलतीचे हप्ते फेडायला सुरुवात केली आहे.

अडाजणच्या त्या दवाखान्यात हॉटेलसारखा गारवा होता आणि भिंतीवर फक्त ओठांचे फोटो. शेजारच्या खुर्चीवर हिऱ्याच्या कारखान्यातला एक रत्नकलाकार बसला होता, पस्तिशीचाही नसेल. त्यालाही दात चमकवून हवे होते. डॉक्टरांनी त्याला आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं अडलं. मावा-सुपारीने गालाची कातडी आतून आखडत जाते आणि जबडा हळूहळू उघडेनासा होतो, त्याची ही साधी परीक्षा. डॉक्टरांनी दातांचा विषय तिथेच मिटवला आणि त्याला मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. मला तो डॉक्टर त्याच क्षणी आवडला. गिऱ्हाइकाला 'तुमचं हे काम मी करणार नाही' म्हणणारा माणूस या गावात सहज सापडत नाही.

दाजींची तीन बोटं गेली. पण डॉक्टरांनी आरसा फिरवून विचारलं, "काका, मावा डाव्या बाजूला ठेवायचे ना?" दाजींनी ताईपासून जे बारा वर्षं लपवलं ते या पोरसवद्या माणसाने बारा सेकंदांत सांगितलं. मावा सुटून जमाना झाला होता, पण गालावर नोंद होती.

मग व्हिनियर म्हणजे काय ते डॉक्टरांनी समजावलं. दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची चिनी मातीची पातळ चकती, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. कल्पना जुनी आहे. 1928 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने सिनेमातल्या नटांसाठी ही युक्ती काढली. त्यांची कवचं कवळीच्या चिकट पावडरीने तात्पुरती बसवायची, शूटिंग संपलं की काढून डबीत. नट जेवताना आपापल्या मूळ दातांवर यायचे. मला विचाराल तर हीच पद्धत उत्तम होती. लग्नाच्या दिवशी लावले, पंगतीआधी काढले, कुणाचं काही नुकसान नाही. पण माणसाला कायमचं हवं असतं. 1955 साली मायकल बुओनोकोर यांनी कारखानदारांकडून एक गोष्ट उचलली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून ते लोक आधी फॉस्फोरिक ॲसिड लावत. यांनी तेच दातावर लावून पाहिलं. दाताचा पृष्ठभाग खरखरीत झाला आणि त्यावर लांबी घट्ट बसली. पुढे 1980 च्या दशकात चिनी मातीलाही दुसऱ्या एका ॲसिडने तसंच खरखरीत करायचं तंत्र आलं आणि कवच कायमचं झालं. म्हणजे पत्र्याला रंग देणाऱ्यांचं ज्ञान फिरत फिरत दाजींच्या सुळ्यापर्यंत पोचलं.

आता आला रंग निवडायचा प्रसंग, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला म्हणून धन्य झालो.

डॉक्टरांनी एक पट्टी काढली. जर्मनीच्या व्हिटा कंपनीची, 1956 सालापासून जगभरचे दंतवैद्य वापरतात ती. तिच्यावर ओळीने सोळा दात लावलेले. ए, बी, सी, डी असे चार गट. ए तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा, डी तांबूस-करडा. डॉक्टर हे सांगत असताना दाजींनी फक्त एक अक्षर ऐकलं.

"मला डी द्या."

डॉक्टर म्हणाले, "काका, डी तुम्हाला नाही शोभणार."

"मी डीच घेणार. खालची प्रत नको."

हिऱ्याच्या रंगाच्या यादीत ए, बी, सी नसतातच. जुन्या व्यापाऱ्यांनी ती अक्षरं इतकी मनमानी वापरून बाटवली होती की अमेरिकेतल्या संस्थेने नवी यादी केली तेव्हा सुरुवातच डीपासून केली. डी म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ, आणि तिथून झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो. दाजींचं अर्धं आयुष्य डी आणि ई यांतला फरक ओळखण्यात गेलं. त्यांच्या दृष्टीने हा डॉक्टर चक्क एकाच अक्षरावरून गिऱ्हाइकाला फसवत होता. शेवटी दाजींनी खिशातून स्वतःचा चिमटा काढला, टेबलावरच्या पॅडचा एक पांढरा कागद दुमडला, सोळाही दात पट्टीवरून सोडवून त्यावर मांडले आणि म्हणाले, "हा दिवा बंद करा. आणि ते टेबल खिडकीपाशी घ्या."

डॉक्टरांनी मुकाट्याने दिवा बंद केला. दाजींनी भिंग लावलं. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एकेक दात चिमट्याने उचलायचा, बाजूच्या दाताशी भिडवायचा, उलटा करायचा, पुन्हा ठेवायचा. सहायक मुलगी हातातलं काम टाकून बघत राहिली. पाचेक मिनिटांत उजळपासून काळपटापर्यंत ओळ लागली: बी-वन, ए-वन, बी-टू, डी-टू, ए-टू आणि पुढे शेवटच्या सी-फोरपर्यंत. डॉक्टरांनी कपाटातून पुस्तक काढून ताडून पाहिलं. शेवटाकडच्या दोन दातांची अदलाबदल सोडली तर पुस्तकातला क्रम तोच होता. आणि त्या दोन दातांबाबत दाजींचं अजूनही म्हणणं आहे की पुस्तक चुकलं आहे.

त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना शेठ म्हणायला सुरुवात केली, आणि रंग ठरला ए-टू.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी सांगितली ती दाजींनाही नवी होती. शेड ठरवायची ती काम सुरू करण्याआधी. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकतात, आणि सुकलेला दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. दाजींनी मान डोलावली. जे माल पुसून दाखवतात आणि पाण्यात घालून दाखवतात, त्या व्यापाऱ्यांना ते ओळखून होते. सुकवून दाखवणारे त्यांना पहिल्यांदाच भेटले.

भावाची बोलणी आता बाकी होती. दर दाताला पाच आकडी रक्कम, आणि वरचे आठ. दाजी म्हणाले, "आठ घेतोय, लॉटचा भाव लावा." डॉक्टर गप्प. "बरं, साठ दिवसांचा उधारीचा धारा द्या." डॉक्टर गप्प. "रोखीला वटाव तरी?" तेव्हा डॉक्टरही शेवटी सुरतेचेच निघाले. म्हणाले, "शेठ, दात परत घ्यायची सोय असती तर धारा नक्की दिला असता." कापड मार्केटात उधारीचा माल परत फिरवणाऱ्यांच्या पिढ्या ज्याने पाहिल्या आहेत त्यालाच हे वाक्य सुचू शकतं. सौदा तिथे पक्का झाला.

यानंतर खरं काम सुरू झालं, आणि इथे माझं मन जरा अडखळलं. कवच बसवायला जागा हवी, म्हणून दाताचं वरचं आवरण थोडं घासावं लागतं. किती, ते दातावर अवलंबून. कुठे तीन दशांश मिलिमीटर, कुठे सात. आवरण मुळात मिलिमीटरभरच, हिरडीजवळ त्याहून कमी. आणि ते पुन्हा उगवत नाही, कारण ज्या पेशींनी ते घडवलेलं असतं त्या दात बाहेर येतानाच संपलेल्या असतात. दाजी म्हणाले, "कच्च्या हिऱ्याचंही निम्म्याहून अधिक वजन घासण्यात उडतं. पण भाव वाढतो." मी म्हटलं, "दाजी, हिरा घासून विकता येतो. तुम्ही दात कुणाला विकणार?" यावर उत्तर आलं नाही, कारण तोवर तोंडात कापूस गेला होता.

घासायचं अवजार बघून मात्र दाजींचा जीव भांड्यात पडला. बारीक काडी, आणि तिच्या टोकावर हिऱ्याचा भुगा. त्यांनी खुणेने ती मागून घेतली, भिंगाखाली धरली आणि कापसातूनच म्हणाले, "आपलाच माल." पुढे कवचाला चकाकी आणायला जी पेस्ट वापरली तिच्यातही हिऱ्याची पूड होती. ज्या पुडीने महिधरपुरा जगतो तीच आता दाजींवर फिरली.

आपल्या मुलखातले लोक या प्रकाराला 'तुर्कस्तानचे दात' म्हणून ओळखतील, निदान ज्यांची मुलं इंग्लंडात आहेत ते. तिकडची तरुण पोरं स्वस्तात पडतं म्हणून सुट्टीला तुर्कस्तानला जातात आणि पांढरेशुभ्र दात घेऊन येतात. व्हिनियर म्हणून गेलेल्या कित्येकांचे दात प्रत्यक्षात चहूबाजूंनी घासून शंकूसारखे उरवलेले असतात आणि त्यांवर टोप्या चढवलेल्या असतात. विशीत घासलेला दात साठीत काय करील हा प्रश्न विमानात कुणी विचारत नाही. दाजींच्या बाजूने एवढं म्हणता येईल की साठीतला माणूस साठीतच घासला गेला.

लॅबमधून कवचं येईपर्यंत तात्पुरते दात बसवले गेले. त्यांनी बोलण्याची परीक्षा द्यायची असते. वरच्या दातांची कड खालच्या ओठाला नेमकी कुठे टेकते ते 'फ' आणि 'व' म्हणताना कळतं, म्हणून दाजींना फाफडा, फरसाण, वडा, वांगं असं सगळं म्हणायला लावलं. ताई म्हणाली, खाऊ घालायचं नव्हतं तर नावं कशाला घेतली? मग 'स'ची पाळी. दात लांब झाले की 'स' शिट्टी मारतो, म्हणून साठपासून पुढे मोजायला सांगतात. ही मोजणी घेणारी सहायक मुलगी होती अस्सल सुरती, आणि अस्सल सुरती माणसाच्या तोंडी 'स'चा 'ह' होतो. सुरत तिच्या तोंडी हुरत. ती म्हणाली, "काका, हाठ बोलो." दाजी आज्ञाधारकपणे म्हणाले, "हाठ." "एकहठ." "एकहठ." शेवटपर्यंत 'स' आलाच नाही आणि दाजी पहिल्या वर्गात पास झाले.

शेवटच्या दिवशी कवचं आली. आठ पाकळ्या, इतक्या पातळ की बोटावर ठेवली तर खालच्या रेषा दिसाव्यात. दाजींनी दातांवर बसवण्याआधी त्या मागून घेतल्या आणि खिशातून निळ्या उजेडाची बॅटरी काढली. बऱ्याच हिऱ्यांवर अतिनील उजेड पडला की ते निळसर चमकतात आणि व्यापारी तो गुण-दोष तपासून घेतात. माणसाचे खरे दातही त्या उजेडात निळसर-पांढरे उजळतात. जुन्या पद्धतीच्या कवचांत हा गुण नसायचा. मग गरब्याला किंवा डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली माणूस हसला की बाकीचे दात चमकायचे आणि नेमके पैसे देऊन बसवलेले काळे दिसायचे. आता मातीतच तशी द्रव्यं मिसळतात. दाजींनी आठही पाकळ्या तपासल्या, चमकल्या, मगच तोंड उघडलं.

चिकटवल्यानंतर डॉक्टर म्हणाले, "शेठ, आता हसा." दाजी गेली तीस-बत्तीस वर्षं ओठ मिटून हसत आले होते. पटकन जमेना. त्यांनी जे केलं त्याला आमच्याकडे दात विचकणं म्हणतात.

घरी आल्यावर दाजींची आई ओट्यावर बसलेली. ऐंशी पार केलेली म्हातारी. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री तिने जन्मभर लावली. दात काळे पण आहेत, आणि जे आहेत ते कुणाच्या उपकाराशिवाय आहेत. तिच्या आज्यांच्या काळी तर दातवण लावून दात काळेभोर करणं हा सुवासिनीचा शृंगार होता आणि पांढरे दात म्हणजे जरा कमी सजलेली बाई. तिने लेकाकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ तुना दातस्ले?" तिला वाटलं कुठेतरी पडला.

आणि मग सुरू झालं ते दुसरं पर्व, ज्याबद्दल होर्डिंगवर एक अक्षर नसतं.

डॉक्टरांनी एक कागद दिला होता. ताईने तो देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवला. समोरच्या दातांनी काहीही तोडायचं नाही. ऊस नाही, मक्याचं कणीस नाही, पेरू-सफरचंद चिरून. बर्फ नाही. सुपारी तर नाहीच. नखं नाहीत. खान्देशातली बट्टी, जी तळल्यावर जावयाच्या दातांची परीक्षा घेते, ती वरणात भिजवून कुस्करून. दादर ज्वारीची जाड भाकरी दुधात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आम्ही शाळेत शिकवायचो. दाजींकडे आता दातही आहेत, चणेही आहेत, फक्त परवानगी नाही.

यातही सुरतेने दया दाखवली. या गावाचं खाणं मुळात मऊ. लोचो हा तर बिघडलेल्या खमणासारखा पदार्थ, चमच्याने उचलावा आणि जिभेने खावा. घारी तुपात न्हालेली, उंधियु शिजून विरघळलेला, पोंक हुरड्यापेक्षा कोवळा. पोंकाबरोबरची शेव तेवढी ताई वगळते. मला तर शंका आहे की व्हिनियर हा धंदा सुरतेत फोफावला यात लोचोचा हात आहे. नागपूरला किंवा आमच्या जळगावला तो एवढा चालणं कठीण.

खरी अडचण खाण्यात नसतेच. दात आपण खाण्यासाठी कमी आणि हत्यार म्हणून जास्त वापरतो, हे ताईच्या पहाऱ्यामुळे ध्यानात आलं. मसाल्याची पुडी दातांनी फाडायची. पेनचं टोपण दातांत धरायचं. लिंबायतच्या गल्ल्यांत बाया घरी साड्यांचे धागे काढतात, लेस लावतात. कात्री मांडीवर असते आणि धागा दातांनी तुटतो. आणि उत्तरायण! 14 जानेवारीला अख्खी सुरत गच्चीवर असते. सुरती मांजा नावाजलेला, काचेच्या भुकटीने धार लावलेला. गाठ मारली की उरलेलं टोक कट्‌कन दातांनी तोडायचं ही इथली रीत. यंदा दाजी फिरकी धरून उभे होते आणि त्यांच्या गळ्यात नाडीला बांधलेली कात्री होती. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "काका, पतंग कापायला कात्री आणली काय?"

दात घासण्यातही बदल. ताईच्या घरातली लाल मंजनाची बाटली गेली, कोळशाची पावडर गेली. खरखरीत काही लावलं की कवचावरची चकाकी मरते. मऊ ब्रश, साधी पेस्ट, आणि दोरा. कवचाला कीड लागत नाही पण त्याच्या कडेला जिथे खरा दात आणि हिरडी असते तिथे लागते, आणि आत शिरली तर वर चिनी माती शाबूत आणि खाली घर पोखरलेलं. त्यामुळे दाजी रोज रात्री आरशासमोर दोरा घेऊन उभे राहतात. तोच आरसा जिथे त्यांना पिवळं सापडलं होतं. ताई म्हणते, देवाला एवढा वेळ दिला असता तर देव पावला असता.

भाच्याने स्वस्तातला मार्ग धरला. पुढच्या दोन दातांवर कंपोझिट, म्हणजे राळेच्या जातीचं मिश्रण, एकाच बैठकीत. घासावं कमी लागतं, पण ते रंग धरतं आणि काही वर्षांत पुन्हा करावं लागतं. चहा, हळद, दोन्ही त्याचे शत्रू. हळदीच्या दिवशी करवल्या हळद घेऊन धावल्या तसा नवरदेव दोन्ही हातांनी तोंड झाकून पळाला. पाहुण्यांना वाटलं लाजतोय.

सगळ्यात गंमत रात्रीच्या साच्याची. दाजी झोपेत दात खातात. हिऱ्याच्या धंद्यात मंदी आली, शेठने गादीवरची माणसं कमी केली, तेव्हापासून जास्तच. झोपेतला चावा जागेपणीच्या चाव्याहून जोरकस असू शकतो आणि कवच फुटायला तो पुरतो. म्हणून डॉक्टरांनी पारदर्शक प्लास्टिकचा साचा करून दिला, झोपताना घालायचा. म्हातारीने हे ऐकलं आणि सुनेला हाक मारून म्हणाली, जंताचं औषध द्या, झोपेत दात खातो म्हणजे पोटात जंत झालेत. आमच्या सगळ्या बालपणाचं निदान एवढंच होतं. आता साचा डबीत आणि जंताची गोळी शेजारी, दोन्ही उशाशी असतात.

लग्न छान झालं. डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली दाजी हसले आणि आठही दात उजळले. व्याही त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुमची कवळी कुठे करून घेतली हो? आमचीपण करायची आहे."

दाजींनी हे फार मनावर घेतलं नाही, कारण तोवर त्यांचं स्वतःचं मत बनलं होतं. बी-वन घेतला असता तर व्याह्यांनी लांबूनच कवळी ओळखली असती. ए-टू घेतल्यामुळे निदान जवळ बसेपर्यंत टिकलं. पुढच्या वेळी, म्हणाले, एक टवका ठेवूनच घ्यायचा.

माझं म्हणाल तर दात वाकडे असतील तर आधी तार लावून बघावी, पिवळे असतील तर आधी साफ करून आणि उजळून बघावे, टवका उडाला असेल तर तेवढाच भरून घ्यावा. एवढ्याने भागलं नाही तर मग कवच. आणि गेलातच तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती मिलिमीटर घासणार, घासण्याआधी तात्पुरता नमुना तोंडात लावून दाखवणार का, आणि हे निघालं-फुटलं तर पुढे काय. तिसऱ्या प्रश्नावर जो डॉक्टर घुटमळेल त्याच्याकडून उठून बाहेर या आणि समोरच्या गाडीवर लोचो खा.

कारण ही कवचं जन्माची नसतात. चांगली निगा राखली तर दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून अधिक, आणि मग पुन्हा नवी. दाजींनी हा हिशेब केला आहे. पुढच्या लॉटसाठी त्यांनी पोस्टात दरमहा पाचशेची आवर्ती ठेव उघडली आहे, आणि वारस म्हणून ताईचं नाव लावलं आहे.